वळणावरच्या वाकड्या रिमा

१९७६ साली रविंद्र नागपूरला रस्त्यांच्या कामावर नवाच ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागला होता. कुहीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धोक्याच्या जागा कोणत्या, ते शोधायचं काम त्याच्याकडे आलं. पोलीस ठाण्यातून त्यानं तीन वर्षांच्या अपघातांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि नकाशावर दर अपघाताला एक लाल टाचणी टोचली. बहुतेक टाचण्या मोठ्या चौकांतच दाटल्या.

नकाशा पडताळायला तो सायकलनं निघाला, तर एका वळणापाशी चाकातली हवा गेली. समोरच पंक्चरचं दुकान होतं. पंचफुला नावाची बाई चाक खोलत होती. तिचा नवरा देवाजी डाव्या हातानं पाने देत होता. उजवा हात कोपरात आखडलेला होता. छपराला चाकांच्या वाकड्या रिमा टांगलेल्या होत्या.

"एवढ्या रिमा कुठल्या, बाई?"

"याच वळणाच्या, साहेब. लोकं पडतेत. ज्या सरळ होत नाहीत त्या टांगल्या."

"ठाण्यात तर इथली एकही नोंद नाही."

"काहून राहीन? सायकलवाला पडला का धूळ झटकून घरी जाते. यायचा हात इथंच मोडला," तिनं देवाजीकडे मान वळवली. " ट्रकवाला थांबलाबी नाही. कोणाले सांगाव?"

रविंद्रनं साहेबांना, गोपाळरावांना, हे सांगितलं. ते म्हणाले, "ऐकीव गोष्टीवर सरकारी रस्ता खोदता येत नाही. पुरावा आण."

मग तो दोन दिवस त्या वळणावर बसून राहिला. कोणी कचकन ब्रेक मारला, कोण मातीत उतरलं, सगळं वेळेसकट लिहीत गेला. अपघात एकही झाला नाही. थोडक्यात वाचलेले एकेचाळीस निघाले. तिसऱ्या दिवशी त्यानं पंचफुलाकडून बादलीभर पाणी घेऊन वळणावर ओतलं. ते आतल्या बाजूला वाहायला हवं होतं. वाहिलं बाहेरच्या नालीकडे. म्हणजे वळणाचा उतारच उलटा होता, रस्ताच माणसांना बाहेर ढकलत होता.

चौथ्या दिवशी तो गोपाळरावांना घेऊन आला. त्यांनी वही चाळली आणि दुसरी बादली स्वतः ओतली. पाणी नालीत उतरेपर्यंत ते वाकून बघत राहिले.

"हा तुकडा माझ्याच देखरेखीखाली झालाय," ते हळूच म्हणाले. "चौदा वर्षं झाली. उताराची लेव्हल मी तपासली नव्हती."

गोपाळराव दुकानात गेले, देवाजीसमोर बसले. "हात कधी मोडला?"

"लेक पोटात होती तवा," देवाजी म्हणाला. "आता ते सातवीत आहे."

"चूक माझी होती."

देवाजीनं हातातला पाना खाली ठेवला. "तुमी सांगाले आले, साहेब. बाकी कोणी आलं नाही. पण हात तर गेला ना."

त्याच दुपारी गोपाळरावांनी अहवाल लिहिला. त्यात जुन्या कामाखाली स्वतःचं नाव घातलं. वरून विचारणा झाली, त्यांची बढती अडकली. हिवाळ्यात मात्र वळण उकरून नव्या उतारानं बांधलं गेलं.

नंतर रविंद्र तिकडून गेला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"तुमचं काम कमी झालं," तो ओशाळून म्हणाला.

"पंक्चर तं कुठंबी होते, साहेब," पंचफुला म्हणाली. "बसा, चहा मांडून राहिली."