दोन ओले फडके

मी एक जुनी लोखंडी तिजोरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विटांच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर उभी असते. माझं वजन इतकं आहे, की ज्यांनी मला आजवर हलवलं त्यांच्या कमरेला माझी आठवण जन्मभर राहिली असेल.

मित्रांनो, माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. मला भिंती दोन-दोन आहेत, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत ओलसर प्लास्टर ठासलेलं आहे. ते ठासणारा म्हातारा कारागीर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "आगीत पडली तर घाम गाळील, पण पोटातलं जळू देणार नाही." तेव्हा मला वाटलं, म्हातारा उगाच लाडानं बोलतोय.

मला विकत घेतलं होनोरा गेरिटी या विधवा बाईनं. ती फळांच्या कारखान्यात कामाला होती. हंगामात दिवसाला हजारो जर्दाळू चाकूनं चिरून त्यातल्या बिया काढायच्या, हे तिचं काम. दोन्ही अंगठे कापून कापून सोललेल्या बटाट्यासारखे झालेले. त्या अंगठ्यांनीच तिनं एक यंत्र जुळवलं. वरून जर्दाळू टाका, खालून बी एकीकडे आणि फोडी दुसरीकडे. कारखाना काढायला तिच्याकडे पैसे नव्हते. म्हणून आयरिश वस्तीतल्या सदतीस जणांनी दहा-दहा, वीस-वीस डॉलर दिले. धोबिणी, गोदीतले हमाल, एक गवंडी. ज्यानं दिले त्याचं नाव एका वहीत लिहिलं गेलं, आणि नाव लिहिलं गेलं की तो कारखान्याचा मालक.

मला याचंच नवल वाटे. आदल्या दिवशी दुसऱ्यांचे शर्ट धुणारी बाई कागदावर एक ओळ लिहिताच यंत्राच्या मालकिणीसारखी ताठ चालत बाहेर पडे. लोखंडाच्या अंगात एवढी ताकद मी कधी पाहिली नाही. ती वही माझ्या पोटात होती. शेजारी होनोराच्या नव्या, मोठ्या यंत्राचा नकाशा. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

माझ्या कुलपाचे आकडे तीन. पहिले दोन होनोराला ठाऊक, तिसरा तिच्या दिराला, कॉनला. दोघं मिळूनच मला उघडत.

एकोणीसशे सहाच्या एप्रिलमध्ये, पहाटे धरणी हलली. त्यानंतर जी आग पेटली ती तीन दिवस शहर खात राहिली. आमचा कारखाना पहिल्याच दिवशी गेला. छत माझ्यावर कोसळलं. मी लाल झाले, भिंतींतून वाफ सुटली, आणि म्हाताऱ्या कारागिराचं बोलणं लाडाचं नव्हतं हे मला समजलं. चौथ्या दिवशी माणसं परतली तेव्हा त्या गल्लीत उभ्या अशा फक्त आम्ही होतो, काळ्या पडलेल्या तिजोऱ्या.

पलीकडच्या टोपीवाल्यानं त्याची तिजोरी पाचव्या दिवशी उघडली. आतले कागद शाबूत होते, सगळ्यांनी पाहिले. मग बाहेरची हवा आत शिरली, भक्कन जाळ झाला, आणि टोपीवाल्याच्या हातात कागदांना लावलेला चिमटाच राहिला. तो रडला नाही. चिमटा नीट पुसून खिशात ठेवत बसला. ते मला रडण्यापेक्षा वाईट दिसलं.

अकराव्या दिवशी कॉन धावत आला. त्याचं घर जळालं होतं, बायको तंबूत होती. सांता क्लाराच्या फळवाल्याचा माणूस आला होता. सोमवारपर्यंत नकाशा दाखवला तर वीस यंत्रांची मागणी आणि आगाऊ रक्कम, नाहीतर दुसरी कंपनी तयारच होती. कॉननं तळवा माझ्या दारावर टेकवला.

"हात लावून बघ, वहिनी. माझ्या बायकोच्या पायांपेक्षा गार आहे."

खरंच, बाहेरून मी गार झाले होते. पण आत काय होतं ते मला माहीत होतं. आत अजून भट्टी होती. तोंड मला आहे, मित्रांनो, पण ते कुलूपबंद.

बोलली ती डीलिया क्वर्क. सत्तरीची धोबीण, दहा डॉलरची मालकीण. ती विटांवर बसून चहा पीत होती.

"भट्टीतून काढलेल्या पावाचं कवच आधी गार होतं," ती म्हणाली. "तू तोंड भाजून घेणारा गडी आहेस, कॉन. लहानपणापासून."

मग तिनं एक फडका भिजवून पिळला आणि माझ्या डोक्यावर पसरला. दुसरा तसाच पिळून सावलीतल्या विटांवर. आयुष्यभर कपडे वाळवलेल्या बाईनं तेवढंच केलं आणि पुन्हा चहा घेतला. माझ्यावरचा फडका वाळून कडक झाला तेव्हा विटांवरचा अजून ओलाच होता.

होनोरा त्या दोन फडक्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मागणी गेली तर कदाचित कारखाना पुन्हा उभा राहणार नव्हता. वही गेली तर सदतीस जणांकडे त्यांचं काही होतं याचा पुरावाच उरणार नव्हता.

"आत नुसता माझा नकाशा असता तर मी उघडली असती," ती कॉनला म्हणाली. "वही माझी एकटीची नाही."

तिनं आकडे फिरवले नाहीत. फळवाल्याला नकार कळवला, आणि मागणी गेली. कॉन तिच्याशी बोलेनासा झाला. पण रोज सकाळी दोन फडके बघायला मात्र येई, लांब उभा राहून.

एकोणिसाव्या दिवशी दोन्ही फडके एकदमच वाळले. डीलियामावशीनं वर आणखी एक दिवस थांबायला लावलं. तोवर तंबूतंबूत बातमी गेली होती. लोक पाण्याच्या बादल्या घेऊन जमले. होनोरानं दोन आकडे फिरवले. कॉननं तिसरा सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितला. आता कशाला लपवायचं? दार करकरलं. कुणी श्वास घेत नव्हतं. मीसुद्धा.

जाळ झाला नाही. नकाशाचा एक कोपरा तुटून पडला, त्यावरचं यंत्र तेवढं सलामत. वहीचं कातडं सुकल्या जर्दाळूसारखं आक्रसलं होतं, पानांना चहाचा रंग आला होता. पण शाई जागेवर होती. होनोरानं नावं वाचायला घेतली आणि एकेक जण म्हणू लागला, "आहे." "आहे." थॅडी मुलिगन या हमालाचं नाव आलं तेव्हा "आहे" म्हणायला तो नव्हता. भिंतीखाली तो गेला होता. मग मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "त्याची मी आहे."

एवढ्या मोठ्या राखेत एवढ्याशा शब्दानं कारखाना उभा राहताना मी पाहिला. शेड पुढच्या वर्षी आली, यंत्रं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. कॉन गावोगाव यंत्रं विकत फिरला, आणि थांबायचं आपणच सुचवलं होतं असं मरेपर्यंत सांगत राहिला.

पुढे कंपनी विकली गेली. मी धान्यवाल्याकडे राहिले, मग दातांच्या डॉक्टरकडे. आता इथे तरुण मुलं-मुली काम करतात. त्यांचं यंत्र पडद्यावरच असतं, हातात येत नाही. माझ्या पोटात ती तारा कोंबतात, डोक्यावर कॉफीचे कप ठेवतात. माझ्या बिजागरीला तेल घालून चाळीस वर्षं झाली. त्यांचंही कानावर येतं : आजच दाखवा, नाहीतर उद्या दुसरा कुणी दाखवील. मला हसू येतं, आणि काळजीही वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना थोडं तेल द्या. आणि ज्यात दुसऱ्यांची नावं आहेत असं काही तुमच्या हाती असेल, तर ते उघडण्याआधी बाहेरच्या गारव्यावर विश्वास ठेवू नका.

रोज संध्याकाळी इथली साफसफाई करणारी बाई फरशी पुसून झाली की तिचा ओला फडका माझ्या डोक्यावर वाळत घालते. तिला काय ठाऊक? पण मी मात्र तो वाळेपर्यंत अगदी स्थिर उभी राहते.