ग्रहणात चिरलेली कैरी

मित्रांनो, स्वयंपाकघरातली एक जुनी विळी मी. देवरुखच्या लोहाराने मला तापवून, ठोकून घडवले आणि फणसाच्या लाकडाच्या पाटावर बसवले. विनीताच्या आईने लेकीच्या लग्नात जुन्या लुगड्यात गुंडाळून मला दिले आणि मी विमानाने सिंगापूरला आले.

वुडलँड्समधल्या फ्लॅटमध्ये माझे काम सुरू झाले. विनीता कॉम्प्युटरच्या कंपनीत जायची. तिचा नवरा निशिकांत जहाजावर इंजिनियर, त्यामुळे महिनोन्महिने समुद्रावर. ओट्यावर चांगल्या सुऱ्या असूनही विनीता जमिनीवर बसून माझ्यावरच भाजी चिरायची. जेवायला आलेली माणसे कोबी बघून विचारायची, एवढा बारीक कुठल्या यंत्रावर चिरला? मी कोपऱ्यात उभी राहून ऐकायची. फार बरे वाटायचे.

मग ते ग्रहण आले. भरदुपारी सूर्याची बांगडी दिसणार म्हणून इमारतीतली माणसे काळे चष्मे लावून खाली मैदानात जमली होती. विनीताला पाचवा महिना होता. तिला कैरीची अनावर इच्छा झाली. तिने पडदे ओढले, मला घेतले, कैरी चिरली आणि तिखटमीठ लावून खाल्ली. घरात आम्ही दोघीच होतो. मला तेव्हा काहीच वाटले नाही. कैरी छान करकरीत होती.

क्षिप्रा जन्मली. डोळे थोडे तिरके, मान लुळी. डाव्या तळहातावर एकच आडवी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सांगितले, डाऊन सिंड्रोम. विनीताच्या सासूबाई, सुलभाबाई, रत्नागिरीला होत्या. त्यांनी फोनवर विचारले, "ग्रहणात काही चिरलंबिरलं नाहीस ना गं?"

"नाही, आई," विनीता म्हणाली.

फोन ठेवून ती बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आली. तिने बाळाची मूठ उघडली आणि ती रेघ लांबूनच माझ्या पात्याशी ताडून पाहिली. मित्रांनो, त्या वेळची तिची नजर मी विसरू शकत नाही. तिने मला पुन्हा लुगड्यात गुंडाळले आणि शेल्टरमध्ये ठेवले. इथल्या घरांना जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते, तिला शेल्टर म्हणतात. लोक तिथे अडगळ ठेवतात.

त्या अंधारात मी वर्षे काढली. दार बंद झाले की मला कैरी चिरल्याचा आवाज यायचा. करकर, करकर. आणि वाटायचे, फोडीबरोबर आत कुणाचा तरी इवलासा हात आपण चिरला. मी लोखंड. मला रडता येत नाही, नुसता गंज चढतो. बाहेर क्षिप्रा उशिरा चालायला लागली, उशिरा बोलायला लागली. विनीता चिरलेल्या भाजीच्या पिशव्या विकत आणू लागली. कधीकधी ती दार उघडून उभी राहायची. काहीही न घेता दार लावून जायची. तिलाही तो आवाज ऐकू येत असावा.

यंदा अनघा आली. ती निशिकांतची धाकटी बहीण, बुकित तिमाहला राहते आणि शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिलाही दिवस गेले होते आणि केळफुलाच्या भाजीचे डोहाळे लागले होते. टेक्का मार्केटमधून केळफूल घेऊन ती थेट वहिनीकडे आली.

"वहिनी, सुरीने केळफूल म्हणजे शिक्षा आहे. तुझी विळी कुठंय?" आतल्या खोलीत ऑफिसच्या फोनवर असलेल्या विनीताला ते ऐकू गेले नाही. अनघाने शेल्टर धुंडाळले, लुगडे सोडले. "अगं बाई! म्हातारीला असं कोंडतात का?"

तिने चिंचेने माझा गंज उतरवला. उजेडात मी पहिल्यांदा क्षिप्राला धड पाहिले. ती दारातल्या चपला ओळीत लावत होती. "आत्या, युवर शूज सो मेसी ला!" ती इथल्या इंग्रजीत अनघाला रागावली. अनघा हसत माझ्यावर बसली.

तेवढ्यात विनीता बाहेर आली.

"ऊठ! आधी ऊठ तिथून! चंद्रग्रहण लागलंय!"

"वहिनी, तू पण? आईसारखं बोलायला लागलीस की."

"मी चिरलं होतं." विनीता म्हणाली. "क्षिप्राच्या वेळी. आईंना खोटं सांगितलं. तिचा हात बघ, अनघा."

अनघाने मला बाजूला सारले. "डॉक्टरांनी कारण सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं ना, चित्र काढून. डोक्याला पटतं गं. पण विळी दिसली की हात गार पडतात."

अनघाने केळफुलातली दोन फुले शेजारी-शेजारी ठेवली. "पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. अंडं तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. कधी एकविसावी जोडी सुटतच नाही, दोन्ही जातात. बापाकडून तिसरं येतं." तिने तिसरे फूल ठेवले. "झालं डाऊन सिंड्रोम. ते गर्भ राहतानाच ठरलं. तुझी कैरी आली पाचव्या महिन्यात."

"म्हणजे माझ्यातच चुकलं."

"बहुतेक वेळा आईकडून येतं, कधी बापाकडूनही. पण तू काही केलं नाहीस. ते अंडं तू स्वतः आईच्या पोटात होतीस तेव्हापासूनचं. तिथं कोण विळी घेऊन बसलं होतं? आणि ती रेघ म्हणशील, तर माझ्या वर्गात एकाच्या हातावर तशीच आहे. पोरगा गणितात पहिला येतो."

विनीता हसली नाही. तेवढ्यात अनघाच्या फोनवर सुलभाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "अनघा, पडून आहेस ना? काही चिरू नकोस हो."

विनीताने फोन हातात घेतला. "आई, मी तेव्हा चिरली होती. कैरी. तुम्हाला नाही म्हणाले."

पलीकडे सुलभाबाईंनी पदराने चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "मीही चिरला होता गं. सुरण. निशिकांतच्या वेळी. घरात पाहुणे होते, आणि सासूबाई जपाला बसलेल्या. तो जन्मल्यावर आधी त्याची बोटं बघितली. तो धडधाकट निघाला, म्हणून मला कुणी विचारलं नाही. आणि मी मात्र तुला विचारलं."

विनीता फोन घेऊन जमिनीवरच बसली. दोघी रडल्या. क्षिप्रा आली, तिने आईचा चेहरा ओढणीने खसाखसा पुसला आणि फोनवर आजीला दटावले, "आजी, नो क्राइंग!"

चंद्र तांबडा असतानाच विनीताने माझ्या पाटावर पाय ठेवला. केळफूल जाडेभरडे चिरले गेले. कुणी नावे ठेवली नाहीत.

आता मी रोज कामात असते. पण मनातली भुते एका संध्याकाळी जात नाहीत. कैरी हातात घेतली की विनीता अजून क्षणभर थांबते, आणि मीही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात क्षिप्रासारखी मुलगी आली, तर तिला कुणाच्या पापाचे फळ समजू नका. तिच्याजवळ बसा, तिच्याशी खेळा, ती सावकाश बोलली तर सावकाश ऐका. आणि तिच्या आईला काही विचारायचेच असेल, तर जेवलात का, एवढेच विचारा.