तीनच्या बाह्या

कटिंग मास्तरांना दुपारी झोप येत नसे. तेच झोपेकडे चालत जात. जेवणं झाली की शिलाई मशीनं लांबच्या मधमाश्यांसारखी गुणगुणत, टेबलावरचं कापड पाण्यासारखं हलू लागे आणि मास्तर कात्री घेऊन त्यात गुडघाभर उतरत.

डॉक्टर म्हणाले होते, "आजार नाही हा. अंगात जाग आणणारी हार्मोन्स सकाळी भरतीला असतात, दुपारी ओहोटी. ज्याचं त्याचं घड्याळ." सांगताना त्यांनीच जांभई दिली, त्यामुळे मास्तरांना निदान पटलं.

दुकान धाकट्या मेहुण्याचं. त्याला भिंतीवरचं घड्याळ तेवढं मान्य. मागे एकदा साचा उलटायचं विसरून मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. "भावजी, पुन्हा असं झालं तर कात्री ठेवायची आणि गल्ल्यावर बसायचं," मेहुण्याने बजावलं होतं. पगार तोच राहिला असता. मास्तर राहिले नसते.

आज ऐन तीनला नवरदेवाच्या कोटाचं कापड आलं. अगदी बेताचं. संध्याकाळी ट्रायल.

"सकाळी कापतो की."

"नवरदेव तुमच्या हार्मोन्सना विचारून लग्न करतोय का?" म्हणत मेहुणा बँकेत गेला.

मास्तरांनी खडू ओढला. रेघ वळणं घेत टेकडीपलीकडे गेली. तिथून एक बाही हात हलवत होती. त्यांनीही हलवला.

"अहो, टाटा कुणाला?" कोपऱ्यात काजं करणारी त्यांची बायको उठून आली. सकाळी तिच्याशी बोलणं म्हणजे विस्तवाशी खेळ. दुपार कलली की तिच्या डोळ्यांत दिवे लागत. "साचा उलटलाच नाहीत. परत डावीच."

मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं, मग ती तिच्यापुढे धरली. "तू काप."

तिने कापलं. मेहुण्याने येऊन बाह्या जुळवल्या. एक डावी, एक उजवी. "बघा भावजी, मनात आणलं की जमतं."

गप्प बसणं सोपं होतं. "मी नाही," मास्तर म्हणाले, "तुझ्या ताईने."

"मग गल्ल्यावर..."

"सकाळी तेच कापतील, दुपारी मी," ताई म्हणाली. "सकाळी माझ्या हातात कात्री दिलीस, तर आधी तुझे कान जातील."

मेहुण्याला तिच्या सकाळी लहानपणापासून ठाऊक होत्या.

आता दुपारी मास्तर टेबलाखाली कातरणांच्या ढिगावर पहुडतात. वरून रंगीत तुकडे त्यांच्यावर हळूहळू उतरत राहतात. गिऱ्हाइकाने वाकून पाहिलंच, तर मेहुणा हलक्या आवाजात सांगतो, तो माल विकायचा नाही.