खंडेनवमीचा जनरेटर

त्रिंबकमामांनी तीस वर्षं अणुवीज केंद्रातले आणीबाणीचे डिझेल जनरेटर सांभाळले. एकदाही त्यांची गरज पडली नाही, तरी दर महिन्याला ते पूर्ण लोडवर चालवून बघायचेच. निवृत्त होऊन मामा माजलगावला आले.

खंडेनवमीला मी आमच्या दवाखान्याच्या जनरेटरला झेंडूचा हार घातला. मामांनी तो काढून माझ्या हातात दिला.

“जाळीची हवा अडती, मनिषा. चालू कर.”

“मामा, आज यंत्रांना सुट्टी असते!” मी चिडले.

“ते लाईटीला म्हाईत हाय का?”

ऑपरेशन सुरू नाही ना, हे विचारून त्यांनी मेन स्वीच पाडला. अख्खा दवाखाना जनरेटरवर टाकून तासभर इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले. मग चप्पल काढून त्याला हात जोडले.

“आता घाल हार.”

मी तो त्यांच्याच गळ्यात घातला.