शहाण्णव तास

“तुमच्या कागदावर मासं जित्तं, आन् माझ्या दावणीला दोन म्हशी मेल्या. ह्यातलं खोटं कोण, मॅडम?”

भीमराजनं चाकणच्या एका कंपनीच्या पाण्याचा अहवाल प्रयोगशाळेतल्या स्वरूपा मॅडमच्या टेबलावर आपटला. कंपनीला जमीन यानंच विकलेली, गळ्यातली साखळीही त्याच पैशातली. पण म्हशी अजून ओढ्याचंच पाणी पीत होत्या.

“काका, दहातले दहा जगलेत. मी स्वतः मोजलेत.”

“मग तुमचं मासं आमच्या वढ्यात सोडा की! बघू किती दिस पवत्यात.”

कोपऱ्यात बाटल्या धुणाऱ्या शालनबाईंचे हात थांबले.

चाचणी तशी साधी. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दहा गप्पी मासे सोडायचे, शहाण्णव तासांनी निदान नऊ जिवंत हवेत. पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखानेच कारखाने, आणि या सरकारी प्रयोगशाळेत मासे सांभाळायला माणूस एक. धारूरहून आलेल्या, चौथी शिकलेल्या शालनबाई. त्याही ठेकेदाराच्या. साहेबलोकांना रविवार असतो, माशांना नसतो. म्हणून रविवारी कुलूप उघडायचं तेही त्यांनीच.

मागच्या रविवारी त्या आल्या तेव्हा काचेच्या भांड्यातले सहा मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. असं आ वासणं त्यांनी घरी दोन वर्षं पाहिलं होतं. नवरा धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या शेडमध्ये, आम्लाच्या वाफेत कामाला होता. उशाला तीन उश्या लावूनही त्याला श्वास पुरला नव्हता.

“मॅडम,” शालनबाई ओल्या हातांनीच पुढं आल्या. “ते माशे मी बदलले वो. सहा काडले, टाकीतले सहा टाकले. बगवंना मला.”

स्वरूपा मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. “आणि काढलेले?”

“चांगल्या पाण्यात सोडले व्हते. सांजंपस्तोर मेलेच.”

भीमराज शिव्या देईल असं वाटलं. तो शालनबाईंकडे वळला.

“बाई, माशाची दया आली. माझ्या जनावरांची न्हाई आली?”

“आली असती, दादा. पर ती मला दिसली न्हाईत.”

गुन्हा त्यांचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते पाणी ओढ्यात त्यांनी सोडलं नव्हतं. ज्यांनी सोडलं त्यांच्या गेटवर झाडं लावलेली होती आणि ‘पर्यावरण आमची जबाबदारी’ अशी पाटी होती.

मॅडमनी वरिष्ठांना सगळं खरं लिहून कळवलं. अहवाल रद्द झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी न कळवता कंपनी गाठली आणि नवं पाणी भरून आणलं. त्याच दुपारी ठेकेदाराचा फोन आला. शालनबाईंचं काम महिनाअखेरीला बंद.

“मी बोलले त्याच्याशी,” मॅडम म्हणाल्या. “ऐकत नाही.”

“ऱ्हाऊ द्या. पर ही चाचणी मीच करणार.”

“नको. लॅबमधल्या ओंकारला सांगते.”

“ओंकारला माशे धरता येत न्हाईत. शेपट्या तुटत्यात.”

त्यांनी स्वतःच्या हातानं दहा मासे सोडले. रोज मेलेला मासा जाळीनं उचलायचा, ओल्या कागदावर ठेवायचा, मॅडमना हाक मारून, सुट्टी असली तर फोन करून, नोंद करायला लावायची. शनिवारी आल्या, रविवारीही आल्या. जिवंत माशाला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी भीमराज आला आणि दारातच उभा राहिला. कागदावर नऊ मासे होते. भांड्यात एकच उरला होता, वर तोंड काढून आ वासत.

“शहाण्णव तास भरायला किती वेळ राहिला?” मॅडमनी विचारलं.

“अकरा मिन्टं.”

“निकाल तर लागलाच आहे, शालनबाई. काढा त्याला.”

दारातून भीमराज हळूच म्हणाला, “काडा, ताई. मला पटलं.”

शालनबाईंनी जाळी उचलली. पाण्यापर्यंत नेली. मग बाजूला ठेवली.

“न्हाई, मॅडम. कंपनीवाले म्हनतील, टायमाआधी काडला.”

त्यांनी स्टूल ओढलं, चेहरा काचेला लागेल इतका जवळ नेला, आणि नजर न हलवता बघत बसल्या.