धाव झाल्यावरच उघडणारी छत्री

मी हे सांगायला नको होतं. स्वरदाने मला तशी शपथच घातली होती. पण समोरचा संघ फलंदाजीला आला की आमच्या बाजूचे सगळे गप्प बसतात आणि मला काही काम उरत नाही. आत्ता मी सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनच्या बेसबॉल मैदानावर, उन्हाने तापलेल्या बाकावर मिटलेली पडले आहे. आठव्या डावाचा उत्तरार्ध चालू आहे. तेवढ्या वेळात सांगून टाकते.

मी एक छत्री आहे. हिरवी, पांढऱ्या काठाची, आणि उघडली तर जेवणाच्या ताटाएवढी. माझ्याखाली मांजरसुद्धा कोरडं राहायचं नाही. पावसासाठी मला बनवलंच नाही. टोकियोतल्या एका संघाच्या चाहत्यांची रीत आहे, की आपली धाव झाली की सगळ्यांनी अशा छोट्या छत्र्या उघडायच्या आणि वरखाली नाचवत गाणं म्हणायचं. तेवढ्यासाठी माझा जन्म. माझ्या दांड्यावर बारीक अक्षरांत ‘मेड इन चायना’ छापलेलं आहे. ते कोणी वाचत नाही आणि मीही सांगत फिरत नाही.

मैदानाबाहेरच्या दुकानात आम्ही शंभरेक जणी एका टोपलीत उभ्या होतो. आठ वर्षांची स्वरदा समोर आली. तिने कोणालाही न विचारता, अगदी हळू, मला एकटीला बाहेर काढलं. तिचा बाबा, निनाद, पुण्याहून कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं टोकियोला आलेला. तो क्रिकेटवाला. “बघू तरी हे काय प्रकरण आहे,” असं म्हणून तो मुलीला घेऊन आला होता. आई, म्हणजे चारुता, घरी राहिली, पण तिने पोळीभाजीचे रोल फॉइलमध्ये बांधून दिले होते.

त्या पहिल्या संध्याकाळी बाबाने चूक केली. फलंदाजाच्या बॅटची कड लागून चेंडू मागे प्रेक्षकांत गेला. बाबा ताडकन उठला, स्वरदाच्या हातातून मला घेऊन उघडलं आणि नाचवायला लागला. त्याला वाटलं, चौकार. आमच्याकडे यष्टिरक्षकाच्या मागे गेलेला चेंडूही चार धावा देऊन जातो ना. इथे तो नुसताच फुकट जातो. हजारो माणसांत मी एकटी उघडी. कोणी हसलं नाही. जपानी माणसं तशी हसत नाहीत, आणि त्यामुळे तर जास्तच लाज वाटते. पुढच्या रांगेतल्या नाकागावा-सान नावाच्या वयस्कर बाई मागे वळल्या, बाबाच्या हातातून मला घेऊन मिटलं आणि दोन्ही हातांनी स्वरदाला परत दिलं. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, छत्री फक्त धाव झाल्यावर.

त्यानंतर आम्ही दर दुसऱ्या रविवारी त्यांच्याच मागे बसायला लागलो.

ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. मैदानाच्या कडेची झाडं, त्यांच्या मागे हळूहळू उजळणाऱ्या उंच इमारती. पाठीवर बिअरचं पिंप बांधून पायऱ्या चढणाऱ्या मुली. त्या धापा टाकत नसत, नुसत्या हसत. प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असायचं. तो बॅट घेऊन आला की कर्णा वाजायचा, ढोल सुरू व्हायचा आणि सगळी बाजू त्याचं गाणं म्हणायची. तो बाद झाला तरी चिडून कोणी काही फेकत नसे. पुढच्याचं गाणं सुरू व्हायचं.

आणि आपला डाव संपला की एकदम शांतता. कर्णा खाली, ढोल बंद. आता गायची पाळी समोरच्यांची. आपण मधे आवाज करायचा नाही. इतकं शांत, की चेंडू हातमोज्यात बसल्याचा ‘थप्’ आवाज वरच्या रांगेपर्यंत यायचा. बाबाला सुरुवातीला हे पटत नव्हतं. आपल्याकडे समोरचा खेळत असतानाच तर जास्त ओरडायचं असतं, असं तो म्हणायचा. नंतर त्याला ती शांतताच आवडायला लागली. त्या अर्ध्या डावात तो स्वरदाशी बोलायचा. शाळेत काय झालं, कोण मैत्रीण झाली, कोण झाली नाही.

शाळेत स्वरदा बोलत नव्हती. बाईंनी दोनदा घरी चिठ्ठी पाठवली होती. पण इथे, कर्ण्याच्या आवाजात, ती गायची. नऊच्या नऊ खेळाडूंची गाणी तिला पाठ होती. मी तिच्या तोंडाजवळच असायची, म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं. मग एकदा बाबाने मधेच गाणं थांबवून कान दिला. घरी गेल्यावर तो दारातूनच आईला म्हणाला, “चारू, आपली मुलगी गाते.”

आई म्हणाली, तुझ्या कानांत अजून ढोल वाजतोय, आधी हातपाय धू.

मग बाबाला ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाला. शेवटच्या सामन्यात आमचा संघ हरला. खेळाडू रांगेने उभे राहिले आणि आमच्याकडे बघून कमरेत वाकले. लोकांनी आपापल्या पायाखालचा कचरा पिशवीत भरला. नाकागावा-साननी रोलचं फॉइलसुद्धा घडी घालून ठेवलं. रडलं कोणीच नाही. मी कशी रडणार, मला पाणी चालतच नाही.

सिडनीत आम्ही वेंटवर्थव्हिलला राहायला आलो. इथे माझं काय करायचं ते कोणालाच कळेना. शेजारच्या मंजिरीमावशीने मला पाहिलं आणि म्हणाली, अगं, ही तर गणपतीची. त्या वर्षी दीड दिवस मी मूर्तीवर छत्र म्हणून उभी होते. खोटं कशाला बोलू, मान मोठा होता. मोदकांची वाफ लागून माझा काठ जरा चिकट झाला, तो अजून तसाच आहे. पण आरतीला टाळ्या वाजल्या की मला वाटायचं, धाव झाली.

नंतर मी स्वरदाच्या कपाटात गेले, जुन्या मोज्यांच्या खणात.

दोन वर्षांपूर्वी बाबाने देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीला नोकरी धरली. तिथे सोन्याच्या खाणी आहेत आणि खाणींना कॉम्प्युटर सांभाळणारी माणसं लागतात. तो पाच आठवड्यांनी एकदा घरी येतो, पर्थला विमान बदलून. आला की पहिला दिवस झोपतो, दुसऱ्या दिवशी गवत कापतो, तिसऱ्या दिवशी बॅग भरतो. फोनवर विचारतो, स्कूल कसं चाललंय. स्वरदा म्हणते, “फाइन.” परीक्षा? “फाइन.” आई काय म्हणते? “फाइन. नो वरीज.” मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसतात.

या वेळी बाबा आला तो एक प्लॅस्टिकचं फोल्डर घेऊन. कंपनीला तो अजून तीन वर्षं हवा होता. कागदावर सही करून सोमवारी परत न्यायचा होता. आई जेवणाच्या टेबलाशी म्हणाली, तू ठरव, मी काही म्हणणार नाही. स्वरदा जिन्यात उभी राहून ऐकत होती. तीन वर्षांनी ती शाळा संपवून युनिला, म्हणजे विद्यापीठात, गेली असती.

आता ती गोष्ट, जी सांगायची नव्हती. बाबा येण्याच्या आधीच, आईकडून हे सगळं कळल्यावर, स्वरदाने मला खणातून बाहेर काढलं होतं. अकरा दिवस, रोज शाळेतून आल्यावर, ती दार लावायची, मला उघडून तोंडासमोर धरायची आणि एकच वाक्य म्हणायची. “बाबा, तू परत जाऊ नकोस. मला तू रोज घरी हवा आहेस.” आधी इंग्लिशमध्ये करून पाहिलं, पण ते ईमेलसारखं वाटलं. मराठीत तिला ‘हवा’पाशी रडू यायचं. अकराव्या दिवशी आलं नाही. मग ती मला म्हणाली, कोणाला सांगू नकोस हं.

आणि नेमका याच रविवारी आमचा टोकियोचा संघ दौऱ्यावर ब्लॅकटाउनला आला होता. स्वरदाने तिकिटं काढली. आईची हॉस्पिटलला शिफ्ट होती. गाडीत बाबा आणि ती दोघंच, आणि मी तिच्या बॅगेत. बाबाने दोनदा रेडिओ लावला आणि दोनदा बंद केला.

इथलं मैदान लहान. माश्या, सनस्क्रीनचा वास, गरम चिप्स. आमच्या बाजूला पन्नासएक जपानी माणसं होती. युनिची मुलं, बाळांना घेऊन आलेल्या आया, आणि कर्णा घेतलेला एक तरुण. मागच्या रांगेत मोठी हॅट घातलेले एक काका एकटेच बसले होते. ते बाबाला दर दोन मिनिटांनी इंग्लिशमध्ये विचारत होते की हा आउट का झाला, तो पळाला का नाही. बाबा समजावून थकला आणि स्वतःशीच मराठीत पुटपुटला, “ह्यांना काही कळणार नाही.”

काका म्हणाले, “कळतंय ना. मी वसईचा. मग अर्धा तास माझ्याशी इंग्लिशमध्ये कशाला बोलताय?”

त्यांचं नाव नोएल. कामावर कोणीतरी फुकट तिकीट दिलं म्हणून आले होते. त्यांनी चिप्सचा पुडा पुढे केला आणि भांडण मिटलं.

पहिल्या डावात स्वरदाने तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यातही. तिसऱ्यात धाव झाली, मी इतक्या वर्षांनी धावेसाठी उघडले, माझी एक काडी कुरकुरली. चौथ्यात तिने नुसतं पाणी प्यायलं. शांततेत तिला बोलवेना. मग पाचव्या डावात आमची फलंदाजी आली, कर्णा सुरू झाला, आणि बाबा गायला लागला. शब्द चुकत होते, पण गात होता. स्वरदाने ते बघितलं. तिने ठरवलं, या आवाजात बोलायचं. बाबाला ऐकू गेलं तर गेलं, नाही तर नाही.

ती त्याच्या कानाकडे वळून ओरडली. पहिलं वाक्य कर्ण्यात बुडालं. तेवढ्यात मैदानावर तिसरा माणूस बाद झाला. तिघं बाद, म्हणून आमची पाळी संपली. रीतीप्रमाणे कर्णा खाली आला, ढोल थांबला, पन्नास माणसं एका क्षणात गप्प झाली. आणि त्या शांततेत दुसरं वाक्य सगळ्या मैदानाने ऐकलं.

“मला तू रोज घरी हवा आहेस.”

एकाही जपानी माणसाने मान वळवली नाही. स्वरदाने मला इतकं घट्ट धरलं की माझी कळ दबता दबता राहिली. ती कानापर्यंत लाल झाली होती.

“काय म्हणालीस?” बाबाने विचारलं.

“ऐकलंय तुम्ही,” मागून नोएलकाका म्हणाले. “मी दुबईला होतो तेव्हा आमच्या मुलीने, जोॲनने हेच विचारलेलं. मी उत्तर द्यायला चार वर्षं लावली. तोवर तिने विचारायचंच सोडलं.” मग ते उठले, म्हणाले मी जरा कॉफी बघतो, आणि हॅट तिथेच ठेवून गेले.

समोरचा संघ फलंदाजीला आला. थप्. चेंडू हातमोज्यात बसला.

“मला वाटलं, तुम्हाला माझ्याशिवाय राहायची सवय झालीय,” बाबा म्हणाला. “मी विचारलं की तू फाइन म्हणायचीस.”

स्वरदा खाली बघत होती. हे वाक्य तिने माझ्यासमोर कधी म्हटलं नव्हतं. हे तिला मलाही न विचारता सुचलं.

“सवय व्हायला लागलीय, बाबा. म्हणून तर सांगतेय.”

समोरचे तीन फलंदाज बाद झाले. बाबा मैदानाकडे बघत होता, पण त्याला खेळ दिसत नव्हता, हे मला कळत होतं. नोएलकाका कॉफी घेऊन आले, दोघांकडे बघितलं आणि दोन रांगा मागे जाऊन बसले.

मग बाबा म्हणाला, सही नाही करणार. एक महिना जाऊन काम दुसऱ्याकडे सोपवून यावं लागेल. तेवढं चालेल का?

ती ‘फाइन’ म्हणाली नाही. ती म्हणाली, “एकच महिना. मी मोजणार आहे.”

सहाव्या डावात बाबाने आईला मेसेज केला, तो मला वाचता आला नाही. सातव्यात स्वरदाने नोएलकाकांची हॅट त्यांना नेऊन दिली आणि तिथे उभं राहून पूर्ण दोन मिनिटं बोलली, अनोळखी माणसाशी. काकांनी तिला विचारलं, छत्री एवढीशी का? तिने सगळं समजावून सांगितलं. परत येऊन तिने मला बाकावर ठेवलं, तिच्या आणि बाबाच्या मधे. तिथेच मी अजून आहे. बाबाचं मनगट माझ्या काठाला लागलंय, मोदकाच्या वाफेने चिकट झालेल्या.

हे बघा, बोलता बोलता नवव्या डावात आमची पाळी सुरूसुद्धा झाली. कर्णा वाजतोय. तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे धाव पुरी व्हायला एकच टप्पा उरलेला, आमचा माणूस उभा आहे, त्यामुळे मला घाई करायला हवी. माझी एकच विनंती आहे. अकरा दिवसांचं ते खोलीतलं बोलणं तुम्हाला माझ्याकडून कळलं, हे स्वरदाला सांगू नका. तिला वाटू दे की ते तिला मैदानावर आपोआप सुचलं. बाबालाही तसंच वाटू दे. आणि तुमच्या घरी जर कोणी दार लावून एकटंच काही बोलत असेल, तर त्याला हसू नका, कारण ते माणूस कदाचित

“बाबा, धाव. छत्री दे, छत्री.”

कारण ते माणूस, थांबा, आलेच, मला आता