चाकाखालचा ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, माझ्या रूपाला हसू नका. पलंगाच्या मोडक्या पायातून सुताराने मला कापले. एक बाजू उतरती, दुसरी चेपलेली, अंगावर टायरचे काळे वळ. पण बारा वर्षे एका तीनचाकीचा भार मी पेलला.

ती गाडी चालवणारी ताई रोज सात पोरांना टेकडीवरच्या शाळेत पोहोचवी. गाडीचा ब्रेक नावापुरताच होता. चढावर गाडी थांबली, की मागे बसलेल्या तिच्या सासूबाई मला घेऊन टुणकन उतरत, चाकाखाली सरकवत आणि ओरडत, "बसला गं!" सासूबाई वाटभर देवाचे एक गाणे म्हणत. नेमक्या शेवटच्या कडव्याला चढ येई आणि गाणे तुटे. लोक म्हणत, "ठोकळा आहे म्हणून गाडी आहे." मी फुगून जाई.

मग गावच्या कचेरीने नियम काढला. छोट्या गाडीला परवाना हवा, नाहीतर गाडी बंद. परीक्षा साधीच होती. नेहमीची माणसे बसवून चढावर चुन्याच्या रेघेवर थांबायचे. कारकून वीस आकडे मोजेपर्यंत गाडी हलता कामा नये.

ताईने तार गुंडाळून ब्रेक कसाबसा आवळला आणि मला बाकाखाली दडवले. "आई, आज याला हात लावायचा नाही हं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" सासूबाई फणकारल्या.

पण बारा वर्षांची सवय! गाडी रेघेवर थांबली मात्र, सासूबाई खाली, मी चाकाखाली आणि खणखणीत हाक, "बसला गं!" पोरे खदखदून हसली. ताईने कपाळाला हात लावला.

"आजी, हे काय?" कारकुनाने विचारले.

"आमचा ब्रेक!"

त्याने सासूबाईंना बाजूला केले आणि मला ओढून काढले. तार तुटली. गाडी हातभर मागे घसरली, नेमकी सासूबाई क्षणापूर्वी उभ्या होत्या तिथे. त्याने मला घाईने पुन्हा खाली सारले. कोणी हसेना.

"साहेब, गाडी बंद झाली तर पोरं घरी बसतील हो," ताई कळवळली.

"आणि गाडी घरंगळली तर?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "नापास लिहीत नाही, ताई. ब्रेक नवा बसवा, आठ दिवसांनी या."

आठ दिवस ताई पोरांना चालत घेऊन गेली. गाडीला नवा ब्रेक बसला आणि मी कोपऱ्यात पडून चुलीत जाण्याची वाट पाहत होतो.

पुन्हा परीक्षा झाली. या वेळी सासूबाईंनी मला मांडीवर घट्ट धरले होते. वीस आकडे झाले, गाडी जागची हलली नाही. कारकुनाने परवाना लिहिला आणि शेवटी भर घातली, "सोबत एक लाकडी ठोकळा ठेवावा, आजींना उतरायला पायरी म्हणून."

मित्रांनो, माझे कौतुक जरूर करा, पण माझ्या भरवशावर ब्रेककडे दुर्लक्ष करू नका. मी अडचणीपुरताच बरा.

त्या दिवशी चढावर सासूबाईंनी शेवटचे कडवे पुरे म्हटले. बारा वर्षांत मी ते प्रथमच ऐकले. फार गोड होते.